केक खा, क्रीम खा, फक्त मोजून खा.. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेला कॅलरीच्या हिशोबाला लावणारी डॉक्टरीणबाई

ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असतो. केक कापला जातो. सगळे प्लेट घेऊन पुढे सरकतात आणि एखादा मात्र कोपऱ्यात उभा राहून मोबाईल काढतो. ॲपमध्ये केक शोधतो, आकडा बघतो, मनाशी काहीतरी बेरीज करतो आणि मग अर्धाच तुकडा उचलतो. रात्रीच्या जेवणातली एक पोळी तिथल्या तिथे कमी झालेली असते.

हा सीन आता कुणाला नवीन नाही. वजन कमी करायचंय पण गोड सोडवत नाही, मग आकडा बघून खा, हे गणित आज शाळकरी पोरालाही माहितीये.

पण हे गणित ॲपवाल्यांनी शोधलेलं नाही. जिमवाल्यांनी तर नाहीच नाही. ते घराघरात पोचवलं एका बाईने, पहिलं महायुद्ध चालू असताना. बाई स्वतः डॉक्टर होत्या, स्वतः चांगल्या जाडजूड होत्या आणि व्हिप्ड क्रीम म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

त्यांचं नाव डॉ. लुलू हंट पीटर्स.

लुलूबाईंचा जन्म 1873 चा. गाव मिलफर्ड, अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाच्या मेन राज्यातलं. पुढे त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात आल्या. 1899 मध्ये लुई पीटर्स यांच्याशी लग्न झालं आणि लग्नानंतर दहा वर्षांनी, म्हणजे 1909 मध्ये, त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामधून डॉक्टरकीची पदवी घेतली. तेव्हा त्या छत्तिशीत होत्या. त्या काळात अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता, तो 1920 मध्ये मिळाला. यावरून तेव्हा संसार सांभाळून डॉक्टर होणं काय चीज होती याचा अंदाज येईल.

पुढे लॉस एंजेलिसमधल्या महिला मंडळांच्या संघटनेत त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या समितीचं काम आलं. तिथे बायकांसमोर भाषणं द्यायची, खाण्यापिण्याबद्दल सांगायचं, असा उद्योग सुरू झाला. डॉक्टरांची भाषा बायकांना कळत नाही आणि बायकांची अडचण डॉक्टरांना कळत नाही, हे त्यांना इथे नीट समजलं असणार, कारण पुढे त्यांनी जे लिहिलं त्यात एकही वाक्य डॉक्टरी थाटाचं नाही.

आता जरा मागे जावं लागेल, कारण ज्या कॅलरीमुळे लुलूबाई गाजल्या ती कॅलरी त्यांनी शोधलेली नव्हती.

कॅलरी हे मुळात उष्णता मोजायचं माप. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी म्हणजे खाण्याच्या भाषेतली एक कॅलरी. शास्त्राच्या पुस्तकात हिला किलोकॅलरी म्हणतात. आपल्या बिस्किटाच्या पुड्यामागे एनर्जी लिहून जो आकडा छापलेला असतो तो हाच. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनाचा आणि कोळशाचा हिशोब ज्या पद्धतीने व्हायचा, त्याच पद्धतीने माणसाचा करता येईल का, असा प्रश्न युरोपातल्या शास्त्रज्ञांना पडला. माणूस म्हणजेही एक भट्टीच, पोटात सरपण टाका आणि किती उष्णता निघते बघा.

अमेरिकेत हे काम विल्बर ॲटवॉटर नावाच्या प्राध्यापकाने अंगावर घेतलं. कनेटिकट राज्यात मिडलटाऊन गावी वेस्लियन युनिव्हर्सिटी आहे. तिथे 1890 च्या दशकात त्याने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेऊन एक हवाबंद खोली बांधली. खोली कसली, कपाटच ते. आत एक माणूस, झोपायला घडीचा पलंग, एक टेबल, एक खुर्ची. तो माणूस सलग काही दिवस त्यात राहायचा. त्याला जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचं, तेही वजन करून. बाहेर येणारं सगळंसुद्धा मोजलं जायचं, अगदी शी-शूपासून ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत. खोलीत पाण्याचे पाइप फिरवलेले होते. माणसाच्या अंगातून उष्णता निघाली की ते पाणी तापायचं, आणि पाणी किती तापलं यावरून आतल्या माणसाने किती कॅलरी जाळल्या ते कळायचं. कधी त्याला नुसतं बसवून ठेवायचे, कधी आत एका जागीच राहणारी सायकल मारायला लावायचे.

या सगळ्या खटाटोपातून एक साधा हिशोब निघाला. एक ग्रॅम प्रथिनं म्हणजे साधारण 4 कॅलरी, एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर म्हणजे 4 आणि एक ग्रॅम चरबी म्हणजे 9. आजही पाकिटांवरचे आकडे बऱ्याचदा याच हिशोबाने काढतात.

गंमत म्हणजे ॲटवॉटरला कुणाचं वजन कमी करायचं नव्हतं. त्याची चिंता बरोबर उलटी होती. गरीब कामगाराला कमी पैशात जास्तीत जास्त ताकद कुठल्या अन्नातून मिळेल हे त्याला शोधायचं होतं. पुढे येल युनिव्हर्सिटीतल्या अर्विंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने 1906 मध्ये सुचवलं की प्रत्येक पदार्थ शंभर शंभर कॅलरींच्या वाट्यात मांडा, म्हणजे सामान्य माणसाला बेरीज सोपी जाईल. पण हे सगळं राहिलं अहवालांत आणि मासिकांत. स्वयंपाकघरातल्या बाईला कॅलरी हा शब्द कसा उच्चारायचा हेसुद्धा माहीत नव्हतं.

ही थट्टा नाही. लुलूबाईंना आपल्या पुस्तकात कॅलरी या शब्दाचा उच्चार फोड करून द्यावा लागला होता.

लुलूबाईंचं स्वतःचं वजन एकेकाळी 220 पौंड, म्हणजे जवळपास 100 किलोपर्यंत गेलं होतं. डॉक्टर असल्याने त्यांना ॲटवॉटर आणि मंडळींचं काम माहिती होतं. त्यांनी ते स्वतःवर लावलं. खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवला आणि तब्बल 70 पौंड, म्हणजे 32 किलोच्या आसपास वजन उतरवलं.

त्या आधी लोक वजन उतरवायला काय करायचे? तर काहीही करायचे. 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या गृहस्थाने एक पुस्तिका काढली होती. त्याचा मंत्र होता की ब्रेड, साखर, बटाटा, बिअर, लोणी, दूध बंद. ही पुस्तिका इतकी गाजली की बँटिंग करणं म्हणजे डाएट करणं असा शब्दच इंग्रजीत पडला. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचा एक व्यापारी सांगत फिरायचा की घास तोंडात पार पाणी होईपर्यंत चावा. शिवाय गोळ्या, काढे, चरबी विरघळवणारे साबण होतेच. म्हणजे एक तर आवडतं सगळं सोडा, नाहीतर दिवसभर रवंथ करत बसा, नाहीतर फसा.

लुलूबाईंचं म्हणणं या सगळ्यापेक्षा वेगळं होतं.

1918 मध्ये शिकागोच्या प्रकाशकाने त्यांचं छोटंसं पुस्तक काढलं. नाव, डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज. पुस्तकात चित्रं होती, पण ती कुणा नामांकित चित्रकाराची नव्हती. लुलूबाईंच्या दहा वर्षांच्या भाच्याने काढलेल्या काड्यांच्या बाहुल्या होत्या. एक जाड काडीबाई, एक बारीक काडीबाई, असला प्रकार. डॉक्टरने लिहिलेल्या पुस्तकात पोराची चित्रं बघून भल्याभल्यांना धक्का बसला असेल, पण त्या चित्रांनीच वाचणाऱ्या बाईची भीती अर्धी घालवली असावी.

आत लुलूबाईंनी पहिली गोष्ट ही सांगितली की यापुढे अन्नाकडे अन्न म्हणून बघूच नका. ब्रेडचा एक तुकडा खाल्ला असं म्हणायचं नाही, ब्रेडच्या शंभर कॅलरी खाल्ल्या असं म्हणायचं. वाण्याकडे पैशाचा हिशोब करतो तसा पोटाचा करायचा.

मग वजन किती हवं याचं एक सोपं सूत्र दिलं. उंची पाच फुटांच्या वर जितके इंच असेल त्याला साडेपाचने गुणा आणि त्यात 110 मिळवा. उत्तर पौंडात. म्हणजे कुणाची उंची पाच फूट सात इंच असेल तर साडेअडतीस अधिक 110, म्हणजे साडेएकशे अठ्ठेचाळीस पौंड. किलोत साधारण 67. आजचा डॉक्टर अशा एकाच सूत्रावर कुणाला जाड किंवा बारीक ठरवणार नाही, पण पाटीवर करता येईल असं गणित लोकांना आवडतं, तेव्हाही आवडलं.

आणि वजन उतरवायचं कसं? तर रोज लागतात त्याहून 500 कॅलरी कमी खाल्ल्या की दिवसाला साधारण दोन औंस चरबी उतरते, महिन्याला चार पौंडांच्या आसपास. हजार कमी खाल्ल्या तर दुप्पट. वजन उतरवणाऱ्या बाईसाठी त्यांनी दिवसाचा जो आकडा दिला तो होता 1200. सुरुवात करताना त्या एखादा दिवस उपास करायलाही सांगायच्या. हा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस नव्हे, खराखुरा निरंकार.

इथपर्यंत वाचून वाचणाऱ्या बाईने मनात म्हटलं असेल की झालं, आता ही डॉक्टरीण पालापाचोळा खायला लावणार.

आणि नेमकं इथेच लुलूबाईंनी हुकमाचं पान टाकलं. त्यांनी लिहिलं की चॉकलेट-गोळ्या, केक, लोणी, साय, चरबीचं मटण, जे आवडतं ते खुशाल खा. काहीही सोडायची गरज नाही. फक्त कॅलरी मोजा. मोठा वाटा मिळणार नाही, सारखा मिळणार नाही, पण खाता येतं हे नुसतं माहीत असणं हाच केवढा दिलासा आहे.

त्यांनी उदाहरणसुद्धा तोंडाला पाणी सुटेल असं घेतलं. पाय नावाचा एक अमेरिकन गोड पदार्थ असतो, आपल्याकडच्या बेकऱ्यांत ॲपल पाय म्हणून मिळतो तो. त्याचा एक तुकडा 350 कॅलरींचा. त्यावर मोठा चमचाभर व्हिप्ड क्रीम, 150 कॅलरी. एखाद्या दिवशी जेवणात ढीगभर भाज्यांपेक्षा हेच खावंसं वाटलं तर तेच खा, असं त्यांचं सांगणं. त्या काळी कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक नावाचा माणूस फळाफुलांची नवनवी वाणं काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याने पिकवलेल्या सगळ्या भाज्या एका बाजूला आणि हा पायचा तुकडा एका बाजूला, अशी तुलना बाईंनी केली होती.

आता हिशोब बघा. 350 आणि 150 म्हणजे 500. दिवसाचे 1200. उरले 700. त्यात सकाळचा नाश्ता, दुसरं जेवण, चहा-कॉफीतलं दूध सगळं बसवायचं. म्हणजे पाय खाता येतो हे खरं, पण तो खाल्ला तर उरलेल्या दिवसाला ओढाताण होणार हेही तितकंच खरं. लुलूबाईंनी हे लपवलं नाही. आवडीचं खाता येतं हे आता समजलंय ना, मग जेवणाचे बेत असे आखा की त्यात ते अगदी थोडं असेल, हे त्यांनी पुढच्या दमात सांगून टाकलं. आधी परवानगी आणि लगेच चिमटा, ही त्यांची लिहिण्याची खास पद्धत होती.

बँटिंगच्या काळापासून डाएट म्हणजे बंदी असं समीकरण होतं. बंदी मोडली की संपलं, मग आख्खा केक. लुलूबाईंनी बंदीच्या जागी बजेट आणलं. बजेट चुकलं तर उद्या भरून काढता येतं. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती.

पुस्तकात त्यांनी काही बायका उभ्या केल्या होत्या आणि त्यांची नावं म्हणजे शाब्दिक कोट्या होत्या. एका बाईचं नाव मिसेस आयमा गॉब्लर. इंग्रजीत पटकन म्हटलं तर अर्थ होतो, मी बकाबका खाणारी. या बायका भाषणानंतर डॉक्टरीणबाईंना येऊन सांगायच्या की अहो मी तर पाखराएवढं खाते, तरी वजन वाढतं. लुलूबाई त्यांची मस्त फिरकी घ्यायच्या. एखादी बारीक मैत्रीण समोर भरपूर खाते आणि तिला काहीच होत नाही, याबद्दलची जळजळही त्यांनी मोकळेपणाने लिहिली. आणि स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. स्वर्ग म्हणजे व्हिप्ड क्रीमच्या ढगावर आपल्या माणसांसोबत बसायला मिळणं, अशी आपली कल्पना असल्याची कबुली देऊन टाकली.

त्या पाखराएवढं खाणाऱ्या बायकांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच लोकांचा अभ्यास केला, जे म्हणायचे की आम्ही रोज 1200 कॅलरींच्या आतच खातो तरी वजन उतरत नाही. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा दिसलं की ते सांगत होते त्यापेक्षा बरंच जास्त खात होते. सरासरी जवळपास निम्मं खाणं त्यांच्या सांगण्यातून गळलं होतं. ते खोटं बोलत होते असं नाही, माणसाला अंदाजच येत नाही. लुलूबाईंनी हे प्रयोगशाळेशिवाय, महिला मंडळात बसून ओळखलं होतं.

पण पुस्तकाला आणखी एक बाजू होती आणि ती आज वाचताना टोचते.

1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली होती. युरोपातल्या सैन्याला आणि उपाशी जनतेला अन्न पाठवायचं होतं. त्यासाठी हर्बर्ट हूवर यांच्या हाताखाली एक अन्न खातं उभं राहिलं. हेच हूवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आठवड्यातून एक दिवस मटण नाही, एक दिवस गहू नाही, असे वार पाळायचं आवाहन सरकार करत होतं. लुलूबाईंनी हूवर यांची परवानगी घेऊन आपलं पुस्तक त्यांनाच अर्पण केलं.

आणि मग त्यांनी युद्ध आणि वजन यांची सांगड घातली. युद्धाच्या काळात धान्याची साठेबाजी करणं गुन्हा आहे. मग देशाला गरज असताना अंगावर चरबी साठवून बसणं हे काय वेगळं आहे, असा त्यांचा सवाल होता. जाड माणूस म्हणजे चालताबोलता साठेबाज. त्यांनी बायकांचे गटही सुचवले. नाव ठेवलं वजनावर लक्ष ठेवा, कैसरविरोधी वर्ग. कैसर म्हणजे जर्मनीचा सम्राट. या गटांत आठवड्याला सगळ्यांसमोर वजन करायचं. ज्यांचं उतरलं नाही त्यांनी दंड भरायचा आणि पैसे रेड क्रॉसला द्यायचे. पोटात भुकेचा गोळा उठला की दुहेरी आनंद माना, तिकडे एखाद्या लेकराचा घास वाचला आणि इकडे आपलं वजन उतरलं, अशी शिकवण.

यातला सेवेचा भाग चांगलाच होता. पण त्याबरोबर एक गोष्ट घरात शिरली ती पुन्हा बाहेर गेली नाही. जाड असणं ही तोवर फार तर गैरसोय होती, श्रीमंतीची खूणसुद्धा होती. आता तो चारित्र्यातला दोष झाला. लुलूबाईंच्या मते वजन वाढण्याचं कारण एकच, खाणं जास्त किंवा हालचाल कमी. स्वतः 32 किलो उतरवलेल्या बाईला इतरांची सबब पटत नसावी. अनुवंश, आजार, औषधं, गरिबी, झोप यांचा वजनाशी किती संबंध असतो हे नंतरच्या शंभर वर्षांत समजलं, पण आपल्याच ढिलेपणाचं हे फळ आहे ही बोचणी मात्र तशीच राहिली.

पुस्तक छापून आलं आणि लुलूबाई त्याचं काय होतंय हे बघत बसल्या नाहीत. त्या रेड क्रॉसबरोबर युरोपात, बाल्कन भागात गेल्या. युद्धाने पिचलेला मुलूख, उपासमार, साथीचे रोग. अमेरिकेत बायका केकच्या कॅलरी मोजत होत्या तेव्हा त्यांना मोजायला शिकवणारी बाई अशा लोकांत काम करत होती ज्यांच्या ताटात मोजण्यासारखं काही नव्हतं.

परत आल्यावर त्यांना कळलं की पुस्तक तुफान चाललंय.

1920 चं दशक अमेरिकेत फॅशन बदलणारं होतं. कॉर्सेट मागे पडले, झगे आखूड आणि सरळ झाले, सडपातळ मुलगी हे नवं सौंदर्य ठरलं. पूर्वी पोट आवळून लपवता यायचं, आता लपवायला कापडच उरलं नाही. लुलूबाईंचं पुस्तक नेमकं या वेळेला हाताशी होतं. 1922 ते 1926 अशी सलग पाच वर्षं ते देशातल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत राहिलं. 1924 आणि 1925 या दोन्ही वर्षी कथा-कादंबऱ्या सोडून इतर पुस्तकांच्या यादीत ते पहिल्या नंबरवर होतं. एकूण खप 20 लाखांच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं. अमेरिकेतलं पहिलं बेस्टसेलर डाएट पुस्तक म्हणून त्याची ओळख आहे ती त्यामुळे.

वर्तमानपत्रांत त्यांचा कॉलमही सुरू झाला. तो एकाच वेळी देशभरातल्या अनेक पेपरांत छापला जायचा. वाचक पत्र लिहून अडचणी विचारायचे, त्या उत्तरं द्यायच्या. 1924 मध्ये त्यांनी मुलांच्या खाण्यावर आणखी एक पुस्तक काढलं. त्यात कॅलरी किड्स नावाची पोरं होती. त्या फक्त जाडांच्या डॉक्टर नव्हत्या हेही लक्षात ठेवायला हवं. हडकुळ्या माणसांना वजन कसं वाढवायचं हेही त्या त्याच गणिताने सांगायच्या, फक्त वजाबाकीच्या जागी बेरीज.

मग त्यांचं गणित बरोबर होतं की चूक?

मूळ तत्त्व आजही टिकून आहे. खर्चापेक्षा कमी खाल्लं की वजन उतरतं आणि कुठलाही एक पदार्थ स्वतःहून जाड करत नाही. थोडा केक खाऊन वजन उतरवता येतं. पण आकडे वाटतात तितके पक्के नसतात. अमेरिकेत पाकिटावर छापलेल्या आकड्यापेक्षा आत 20 टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी नियमात बसतं. 2012 मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बदामांवर प्रयोग केला तेव्हा दिसलं की मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम बदामांतून शरीराला प्रत्यक्षात 129 कॅलरीच मिळतात. ॲटवॉटरच्या हिशोबाने त्या 170 च्या आसपास यायला हव्या होत्या. बदाम नीट चावले जात नाहीत, काही भाग तसाच बाहेर पडतो. माणूस म्हणजे सरळसोट भट्टी नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. वजन उतरायला लागलं की शरीराचा खर्चही कमी होतो. लहान झालेल्या शरीराला कमी लागतं आणि त्यावर शरीर स्वतःहून काटकसरही करतं. त्यामुळे महिन्याला चार पौंड हा हिशोब कागदावर वर्षभर चालतो, वजनकाट्यावर काही महिन्यांत मंदावतो. आणि तो 1200 चा आकडा. उंच, ठेंगणी, कष्टाचं काम करणारी, बसून काम करणारी, सगळ्यांना एकच माप कसं चालेल? बऱ्याच जणांसाठी ते फार कमी पडतं, तेवढ्यात पोषण बसवणं अवघड जातं. तरी शंभर वर्षांनंतरही तोच आकडा डाएटच्या तक्त्यांत आणि ॲपमध्ये फिरताना दिसतो.

लुलूबाईंना एक गोष्ट मात्र पुरती ठाऊक होती आणि ती त्यांनी वाचकांपासून लपवली नाही. हा हिशोब कधी संपत नाही. वजन उतरलं म्हणून वही मिटली असं होत नाही, कारण वही मिटली की वजन परत येतं. पुस्तकाच्या शेवटच्या भागात त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे आयुष्यभर करत राहावं लागणार, आयुष्यातल्या इतर चांगल्या गोष्टी नेटाने कराव्या लागतात तसंच. आज महिनाभरात दहा किलोच्या जाहिराती करणारे हे सांगत नाहीत. पण याचा दुसरा अर्थ असाही होता की व्हिप्ड क्रीमच्या ढगाचं स्वप्न बघणाऱ्या त्या बाईला आयुष्यात पुन्हा कधी न मोजता क्रीम खाता येणार नव्हतं.

1930 मध्ये एका वैद्यकीय परिषदेसाठी त्या बोटीने लंडनला निघाल्या. त्या प्रवासात आजारी पडल्या आणि न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला अजून दहा-बारा वर्षं होती. लुलूबाईंची साठीही झाली नव्हती.

पुस्तक त्यांच्यानंतरही काही वर्षं छापलं जात होतं. आता त्यावर कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही, इंटरनेटवर ते फुकट वाचायला मिळतं. भाच्याच्या काड्यांच्या बाहुल्या आत तशाच आहेत आणि 350 कॅलरींच्या पायवर 150 कॅलरींचं क्रीम घालायचा तो बेतही.